हॉलसाठी सोनेरी रंग

दादरच्या घराचा हॉल रंगवायला काढलाय. शेडकार्डवर दोन्ही सोनेरी रंग सारखेच दिसत होते, म्हणून आज रंगारीकाकांकडून भिंतीवर दोन्हींचे हातभर पट्टे मारून घेतले. सकाळी फरक कळेना. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं आणि एक थेट केशरीकडे झुकला, पिकल्या हापूसच्या सालीसारखा. दुसरा गव्हाळच राहिला, किती शांत! पण संध्याकाळी ६५०० केल्विनची (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पांढरी ट्यूब लावली तर हाच गव्हाळ हिरवट. त्या उजेडात निळा भाग जास्त ना. २७०० केल्विनचा पिवळा बल्ब लावला, पुन्हा छान. आईला केशरी आवडलाय, मला गव्हाळ. त्यासाठी ट्यूब काढायलाही तयार आहे. कुणाच्या घरी असा रंग असेल तर संध्याकाळचा फोटो टाका, प्लीज फ्लॅश न मारता.