तुम्ही विचारलंत म्हणून: लिनक्स कशावरही चालतं ना, मग हे का चालत नाही?

रास्पबेरी पाय (तो छोटा, एका बोर्डाचा कॉम्प्युटर) घेतला, लिनक्स टाकलं, आता लॅपटॉपवर मस्त चालणारी तीच डेब फाइल (प्रोग्रॅम इन्स्टॉल करायची फाइल) इथे का बसत नाही, तुम्हीच तर म्हणायचात लिनक्स कशावरही चालतं! असा मेसेज अधूनमधून येतोच. म्हणायचो, आणि अजूनही म्हणतो. पण लिनक्स चालणं वेगळं आणि तुमच्याकडची ती फाइल चालणं वेगळं.

लॅपटॉपात बहुतेकदा इंटेल नाहीतर एएमडीचा प्रोसेसर, पायमध्ये आर्म जातीचा. एकासाठी कंपाइल केलेलं, म्हणजे त्या प्रोसेसरच्या भाषेत उतरवलेलं, दुसऱ्याला कळतच नाही. 'एक्झेक फॉरमॅट एरर' दिसला की लोक फाइल करप्ट समजून परत परत डाउनलोड करत बसतात, फाइल ठणठणीत असते हो. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा माणसाने लिहिलेला मूळ मजकूर, उघडा असेल तर आर्मसाठी परत कंपाइल करता येतो आणि डेबियन या लिनक्सवाले नेमकं हेच करतात, हजारो पॅकेजेस प्रत्येक आर्किटेक्चरसाठी (प्रोसेसरच्या जातीसाठी) वेगळी बिल्ड करून ठेवतात, म्हणून प्रोग्रॅम बसवायची 'एप्ट इन्स्टॉल' ही आज्ञा दोन्हीकडे सारखीच वाटते. २०१२ मध्ये पहिला पाय आला तेव्हा त्याची चिप आर्मव्ही६ या जुन्या पिढीची होती आणि डेबियनच्या आर्मएचएफ या आर्म आवृत्तीला किमान पुढची पिढी, आर्मव्ही७, लागायची, तर हौशी लोकांनी अख्खं डेबियन त्या चिपसाठी नव्याने कंपाइल केलं, तेच रास्पबियन. सोर्स हातात होता म्हणून जमलं. एखादी प्रिंटर कंपनी ड्रायव्हर फक्त इंटेल-एएमडीसाठी देते आणि सोर्स देत नाही, तिथे आपण काय करणार, कपाळ!

बरं, परत कंपाइल केलं की सुटलो असंही नाही. सी या प्रोग्रॅमिंग भाषेतला साधा 'चार' (आकडा नव्हे, char, एक अक्षर ठेवायचा) टाइप घ्या, इंटेलवरच्या लिनक्समध्ये तो उणे आकडे घेतो, आर्मवर बाय डिफॉल्ट घेत नाही. कोणीतरी वाचलेलं कॅरेक्टर 'चार'मध्ये ठेवून ते उणे एक झालं का, म्हणजे फाइल संपली का, असं तपासलं असेल तर लॅपटॉपवर प्रोग्रॅम गुमान थांबतो आणि पायवर लूप संपतच नाही, कारण तिथे उणे एकचे २५५ होतात. कंपाइल मात्र दोन्हीकडे होतं. पाय ५ वर अजून एक गंमत, त्याच्या ६४ बिट ओएसचं नेहमीचं कर्नल (लिनक्सचा गाभा) मेमरीची पानं, म्हणजे मेमरी वाटायचे तुकडे, १६ केबीची धरतं, पीसीवर ती ४ केबीची असतात, आणि पान ४ केबीचंच असणार असं गृहीत धरून बिल्ड केलेले काही प्रोग्रॅम सुरू होताच कोसळतात. बूटच्या कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ टाकून ४ केबीवालं कर्नल निवडता येतं, आधी ते करून बघा.

दुसरा हमखास प्रश्न, पायची एसडी कार्ड इमेज (कार्डवर उतरवायची तयार सिस्टिम) दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावर का बूट होत नाही, दोन्ही आर्मच की. पीसीमध्ये काय काय जोडलंय ते फर्मवेअर (मशीनमध्येच बसवलेलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) कर्नलला सांगतं, पीसीआय या जोडणीवरची कार्डं स्वतःची ओळख देतात, म्हणून एकच पेन ड्राइव्ह बहुतेक पीसीवर उठतो. या छोट्या आर्म बोर्डांवर बहुतेकदा तसं नसतं, कुठली चिप कुठल्या पत्त्यावर बसलीय हे डिव्हाइस ट्री नावाच्या फाइलीत लिहून द्यावं लागतं, प्रत्येक बोर्डाचं वेगळं. आणि खरी गोम इथे आहे, स्वस्त बोर्डवाले ही फाइल आणि ड्रायव्हर मुख्य लिनक्स कर्नलमध्ये पाठवायचे कष्टच घेत नाहीत, आपल्याच जुन्या कर्नलवर एक इमेज काढतात आणि पुढच्या मॉडेलकडे वळतात, मग तुम्ही त्या जुन्या कर्नलवर अडकलात. माझं मत विचाराल तर मुख्य कर्नलमध्ये सपोर्ट नसलेला बोर्ड निम्म्या किमतीतही घेऊ नका.

बॉक्स६४ नावाचं ओपन सोर्स प्रकरण आहे, ते इंटेल-एएमडीचे लिनक्स प्रोग्रॅम आर्मवर चालता चालता भाषांतरित करतं, जुन्या गेम्सना चालून जातं, रोजच्या कामाला मी तरी वापरणार नाही. प्रिंटर ड्रायव्हरसाठी तर नकोच, त्यापेक्षा ड्रायव्हरलेस, म्हणजे कंपनीच्या ड्रायव्हरशिवाय, छपाई येणारा प्रिंटर बघा.

आणि पुढच्या वेळी विचारताना टर्मिनलमध्ये 'uname -m' लिहा, जे उत्तर येईल ते आणि बोर्डाचं पूर्ण नाव पाठवा. नुसता स्क्रीनचा तिरका फोटो नको.