सीनियर चालतील, नातू नको

2025 च्या जूनमधल्या एका गुरुवारची गोष्ट आहे, बरेच महिने झाले तरी डोक्यातून जात नाही म्हणून लिहून टाकते.

न्यू जर्सीत मी जे काम करते ते इथे वीस-वीस वर्षं राहिलेल्या आपल्या लोकांनाही धड माहीत नसतं. नव्या कॉम्प्लेक्समध्ये काही घरं कमी उत्पन्नवाल्यांसाठी राखून ठेवलेली असतात, त्यांची लॉटरी काढायची, वेटिंग लिस्ट सांभाळायची आणि नंबर लागला की माणूस नियमात बसतो का ते कागदांवरून बघायचं. लागोपाठच्या चार पे स्टब म्हणजे पगाराच्या पावत्या, तीन वर्षांचे टॅक्स रिटर्न, बँकेच्या स्टेटमेंटची सगळी पानं, कोरं पान असलं तरी. लोक फोनचा स्क्रीनशॉट पाठवतात, त्यात ना नाव ना अकाउंट नंबर. मग झेलने, म्हणजे फोनवरून बँकेत पैसे पाठवायच्या सोयीने, आलेले 300 डॉलर कुणाचे, तर बहिणीचे, कशाचे, तर वाढदिवसाचे, आणि मागच्या महिन्यातले 300? तोही वाढदिवस. हसू येतं पण विचारावंच लागतं, आणि मी ते नीट विचारते, माझी एकही फाईल आजवर ऑडिटमधून परत आलेली नाही.

भाड्याचं गणित तर अजून मजेशीर. वन बेडरूमचं भाडं ठरवताना तिथे दीड माणूस राहतो असं धरायचं, टू बेडरूममध्ये तीन, थ्री बेडरूममध्ये साडेचार. दीड माणूस कुठे बघितला विचारू नका, राज्याच्या नियमात आहे.

तर त्या दिवशी सकाळी एक बाई आल्या. वय 67, शाळेच्या बसवर लहान मुलांना सांभाळायचं काम अजून करतात. 55 च्या पुढच्यांसाठी असलेल्या एका बिल्डिंगच्या यादीत दोन वर्षं थांबून त्यांचा नंबर लागला होता. फोल्डर असं की बघत राहावं, प्रत्येक कागदाला रंगीत टॅब, सोशल सिक्युरिटीचं पत्र वर, पे स्टब तारखेने. उत्पन्न बरोबर बसत होतं. मी मनातल्या मनात म्हटलं आज एक तरी फाईल अर्ध्या तासात होणार. मग घरातली माणसं किती त्या रकान्यात बघितलं तर 2. दोन वर्षांपूर्वीच्या अर्जात 1 होता.

मध्यंतरी नातू राहायला आला होता. नऊ वर्षांचा. मुलीचं काय झालं त्यात मी शिरले नाही, कस्टडीचा कोर्टाचा कागद फोल्डरमध्ये होता, त्यालाही टॅब.

आता त्या बिल्डिंगच्या डीडमध्ये, म्हणजे मालकीच्या कागदात, अट आहे की 19 वर्षांखालचं कुणी कायम राहू शकत नाही. मी सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही, रडल्या नाहीत, फक्त हिशोब केला, म्हणाल्या तो 19 चा होईल तेव्हा मी 77 ची असेन. मग पेन हातात घेऊन शांतपणे विचारलं, "इथे मी एक लिहिलं तर?"

मी म्हटलं जे खरं आहे तेच लिहा.

म्हटलं ते बरोबरच होतं, खोटं सर्टिफाय केलं तर माझी नोकरी जाते आणि त्यांचं घरही जातं. त्यांनी 2 च ठेवलं. मी फाईलवर अपात्र टाकलं आणि त्यांचं नाव फॅमिली घरांच्या यादीत घातलं, म्हणजे सगळ्यात खाली.

यात खरी गोम वेगळीच आहे. 1995 चा केंद्राचा कायदा मुख्यतः एवढंच म्हणतो की 55 प्लस म्हणायचं असेल तर किमान 80 टक्के घरांत निदान एक माणूस 55 चा हवा. मुलं ठेवू नका असं तो कुठेही म्हणत नाही, ठेवली नाहीत तर चालेल असं म्हणतो. 19 ची अट गावाने स्वतःच्या ऑर्डिनन्समध्ये, म्हणजे गावापुरत्या कायद्यात, घातलेली. का, तर शाळा. इथल्या प्रॉपर्टी टॅक्समधला निम्म्याहून जास्त पैसा शाळांना जातो आणि 2024 मध्ये राज्याचं सरासरी बिल 10,000 डॉलरच्या वर गेलं, त्यामुळे नवीन घर म्हटलं की लोकांना आधी त्यातली पोरं दिसतात.

आणि त्याच संध्याकाळी त्याच गावाच्या प्लॅनिंग बोर्डाची, म्हणजे गावात काय बांधायचं ते बघणाऱ्या मंडळाची, परवडणाऱ्या घरांच्या आराखड्यावर सुनावणी! आमचे प्लॅनर आयत्या वेळी दुसऱ्या गावात अडकले म्हणून यादीबद्दल काही विचारलं तर सांगायला मला बसवलं.

1975 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने माऊंट लॉरेल खटल्यात सांगितलं की वाढत्या गावांनी आपल्या वाट्याची परवडणारी घरं होऊ द्यायलाच हवीत. एथेल लॉरेन्स नावाच्या बाई त्यात पुढे होत्या, त्यांचं घराणं पिढ्यानपिढ्या त्याच गावातलं. तेव्हापासून गावं पळवाटा शोधतायत आणि कोर्ट त्या बुजवतंय. 2024 च्या नव्या कायद्याने 2025 ते 2035 चा वाटा ठरला आणि आराखडा द्यायची मुदत होती 30 जून. म्हणून जूनमध्ये गावोगाव हाच तमाशा चालू होता.

हॉल भरलेला. माइकवर येणारा प्रत्येक जण सुरुवात एकच करायचा, माझा अफोर्डेबलला विरोध नाही पण. पण ट्रॅफिक, पण पाणी तुंबतं, पण शाळेत जागा नाही. आणि शेवट, सगळं सीनियर हाउसिंग करा ना. त्यावर टाळ्या. बोर्डाच्या वकिलांनी सांगितलं की वृद्धांसाठी राखीव घरं वाट्याच्या 30 टक्क्यांपर्यंतच मोजता येतात, आधी 25 होती, आणि निम्मी घरं तरी कुटुंबांसाठी हवीतच. पब्लिक नाराज. वकील मात्र 30 च्या 30 टक्के कसे भरायचे ते अगदी प्रेमाने समजावत होते, त्यातल्या काही घरांवर वर अर्धं बोनस क्रेडिट कसं मिळतं, म्हणजे एक घर दीड कसं मोजलं जातं, तेही.

आपले एक काका पण उठले, मंडळाच्या गणपतीला पंगतीत वाढताना नेहमी दिसतात. म्हणाले ज्येष्ठांचा मान राखणं ही आमची संस्कृती आहे. सगळ्यात जास्त टाळ्या त्यांना.

मग चेअरमननी मला विचारलं, सीनियरच्या यादीत सध्या किती लोक वाट बघतायत? मी लॅपटॉप उघडून आकडा सांगितला. मोठा होता. हॉलमध्ये हूं झालं, कुणीतरी म्हणालं बघा, गरज इथे आहे. फॅमिलीची यादी त्याहून मोठी, पुढच्याच टॅबमध्ये उघडी होती. ती कुणी विचारली नाही. मीही बोलले नाही. विचारलं तेवढंच सांगायचं हे आमच्या ऑफिसात पहिल्या दिवशी शिकवतात, आणि खरं सांगायचं तर गाव आमचं क्लायंट आहे. पण सकाळच्या फाईलपुरतं, नाव न घेता, दोन वाक्यं बोलता आली असती. सीनियर आहे, यादीत होती, नंबर लागला होता. आराखडा मंजूर झाला, 30 टक्के पूर्ण भरून, 19 ची अट तशीच.

पार्किंगमध्ये काकांनी गाठलं. "अगं, आमच्या सासूबाई ग्रीन कार्डवर आल्यात, 80 च्या आहेत, त्यांचं होईल का गं तिथे?" मी विचारलं इन्कम काय आहे. म्हणाले इन्कम कसलं, शून्य. मी म्हटलं काका, सीनियर घरात भाडं सहसा उत्पन्नाच्या 40 टक्क्यांच्या वर जाऊन चालत नाही, शून्याचे 40 टक्के किती? त्यांना ते फारच अन्यायाचं वाटलं. हे त्या बोर्डाला कुणीतरी सांगायला हवं, म्हणाले.

बाईंचा ऑगस्टमध्ये फोन आला होता, पत्ता बदललाय एवढं कळवायला. नवीन पत्ता दुसऱ्या काउंटीतला होता. मी यादीत बदलला आणि जुना फॉर्म स्कॅन करताना पुन्हा तो रकाना बघितला. 2 वर पेन दोनदा फिरवलेलं आहे.