आंब्याच्या ॲपला हाक ऐकायला शिकवताना

सिझनला देवगडात आंबा भरायला बसलं की हात कुणाचेच मोकळे नसतात. बोटांना देठाचा चीक, अंगावर पेंढा, आणि पेट्यांची नोंद मात्र मोबाईलवर. म्हणून आमच्या नोंदीच्या ॲपमधे बोलून नोंद करायची सोय घातली, त्यात जे कळलं ते लिहितोय, कुणाला उपयोगी पडेल.

ॲप सगळं बोलणं समजून घेत बसत नाही, आधी फक्त एका ठरलेल्या हाकेची वाट बघतं. एक छोटं मॉडेल, म्हणजे आवाज ओळखायला शिकवलेला प्रोग्राम, फोनवरच चालू असतं, ते सेकंदाला 16 हजार नमुने घेऊन (16 किलोहर्ट्झ) रेकॉर्ड होणारा आवाज तुकड्यातुकड्याने बघतं, ओपनवेकवर्ड या हाक ओळखणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमधे 80 मिलिसेकंदांचा तुकडा असतो, आणि प्रत्येक वेळी 0 ते 1 मधे स्कोअर देतं, तो ठरवलेल्या आकड्याच्या वर गेला की मगच पुढचं ऐकणं सुरू. त्यामुळे हाकेचा शब्द कुठला घेता यावर अर्धं काम अवलंबून आहे. आंबा, पेटी, हापूस हे बादच, दर मिनिटाला कोणीतरी म्हणतंच. 'अगो', 'काय रे' असले छोटेही नकोत. आम्ही 'ओ चंद्रकोर' घेतला, लांब आहे, त्यातले आवाज वेगवेगळे आहेत, आणि पडवीत एरवी कोणी म्हणत नाही.

ओपनवेकवर्डचं ट्रेनिंग मशीनने बनवलेल्या आवाजांवर चालतं पण त्याची तयार मॉडेल्स इंग्रजीची. मग काकू, आजी, भरायला येणारी माणसं, सगळ्यांना विचारून त्यांचेच आवाज रेकॉर्ड केले. आणि तेवढंच महत्त्वाचं म्हणजे हाक नसलेलं रेकॉर्डिंग: पंखा, पेंढ्याची सळसळ, पेटीला खिळे ठोकणं, मालवणी गजाली. हे भरपूर दिलं नाही तर ॲप उगाचच ओ देत राहतं.

कमांडचं त्या मानाने सोपं. 'पाच डझनी, धा' (पाच डझनाच्या दहा पेट्या) एवढंच बोलायचं, मग अख्खी मराठी ओळखणारं जड मॉडेल कशाला हवं, मोजकेच शब्द ओळखायला शिकवले की झालं. फक्त 'दहा' आणि 'धा' दोन्ही शिकवा, दोन्हीचा अर्थ 10. माणसांनी आपलं बोलणं ॲपसाठी बदलावं हे मला अजिबात पटत नाही.

एकोणपन्नास आणि एकोणसाठ गोंगाटात सारखेच ऐकू येतात, म्हणून ॲप आकडा परत बोलून दाखवतं आणि 'होय' म्हटल्यावरच लिहितं. ही पायरी वेळ वाचवायला काढू नका, वाशीच्या बाजारात माल गेल्यावर हिशोब याच आकड्यांवर होतो, त्यात लोकांची मजुरी आहे.

अँड्रॉइड 9 पासून बॅकग्राउंडमधल्या ॲपला माईक मिळत नाही, फोरग्राउंड सर्व्हिस, म्हणजे वापरणाऱ्याला कळेल असं उघडपणे चालू राहणं, करावी लागते आणि वर नोटिफिकेशन दाखवावं लागतं. ते बरंच आहे, फोन ऐकतोय हे सगळ्यांना दिसलंच पाहिजे. बागेत रेंजही नसते, तेव्हा सगळं फोनवरच चालतं, घरातलं बोलणं कुठल्या सर्व्हरवर जात नाही.

आता फोन खिशात असताना हाक नीट ऐकू जात नाही ते बघायचंय, कापडामुळे आवाज दबतो, तसलं रेकॉर्डिंगही ट्रेनिंगमधे घालून बघतोय.