भीती वाटत नाही का?

अलास्काचा विषय निघाला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "हेलिकॉप्टर तुम्हाला डोंगराच्या धारेवर सोडून निघून जातं आणि तिथून तुम्ही स्कीवर खाली येता. भीती नाही वाटत?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कडेलोट असतो, नाहीतर भिरभिरत खाली येणारं हेलिकॉप्टर. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: वाटते. चांगली वाटते. पण मला खरी भीती उताराची नाही, माझ्याबरोबर आलेल्या मित्रांची वाटते. आणि माझी त्यांना वाटायला हवी.

हे नीट कळायला जागा समजून घ्यावी लागेल. अलास्काच्या दक्षिण किनाऱ्याला लागून चुगाच ही पर्वतरांग आहे. व्हॅल्डीझ हे तिथलं बंदराचं गाव आणि त्याच्या मागे थॉम्पसन पास ही खिंड. समुद्रावरून येणारी दमट हवा या डोंगरांना धडकते आणि सगळं ओझं तिथेच उतरवते. १९५२-५३च्या हिवाळ्यात या खिंडीत जवळजवळ २५ मीटर बर्फ पडल्याची नोंद आहे. हा किनाऱ्याचा बर्फ चिकट, त्यामुळे इतरत्र जिथे नुसता खडक उघडा पडेल अशा उभ्या भिंतींनाही तो धरून राहतो. म्हणून तर १९९१ मध्ये अतिउभ्या उतारांवरच्या स्कीइंगची जागतिक स्पर्धा भरवायला हीच जागा निवडली गेली. खिंडीतून एक हायवे जातो. तो सोडला की पुढे नुसत्या हिमनद्या आणि सुळके. तिथे लिफ्ट नाही, पायवाटही नाही.

हेलिकॉप्टरने वर जायची कल्पना मात्र इथली नाही. ऑस्ट्रियातून कॅनडात आलेल्या हान्स ग्मोझर या गाइडने १९६५ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या बुगाबू डोंगरांत हा व्यवसाय सुरू केला. फ्रान्सने १९८५च्या कायद्याने मौजेखातर डोंगरात हेलिकॉप्टर उतरवायला बंदी घातली आणि ती आजही आहे. त्या कायद्याविरुद्ध माझ्याकडे फारसा युक्तिवाद नाही. आवाज आणि इंधन, दोन्ही खरं आहे.

हेलिकॉप्टरची भीतीही खोटी नाही. मार्च २०२१ मध्ये याच चुगाच रांगेत, क्निक हिमनदीजवळ, स्की करणाऱ्यांना घेऊन गेलेलं हेलिकॉप्टर कोसळलं आणि पाच जण गेले. चेक उद्योगपती पेत्र केल्नर त्यातले एक. पण आत बसल्यावर माझ्या हातात काही उरत नाही, आणि ज्यात आपलं काही चालत नाही त्याची भीती मी पायलटवर सोपवून मोकळी होते.

उतरताना मात्र काळजी आपलीच. धार इतकी अरुंद असते की हेलिकॉप्टर पूर्ण टेकतच नाही. नाक बर्फात टेकवून पायलट ते तसंच तोलून धरतो. आधी गाइड उतरतो, मग त्याच्या खुणेवर एकेक जण. उतरलं की तिथल्या तिथे गुडघे टेकायचे, डोकं खाली घालायचं, सॅक पोटाशी धरायची. पंख्याच्या वाऱ्याने उडालेला बर्फ सुयांसारखा कॉलरमधून आत शिरतो. कुणीही उठून उताराच्या वरच्या अंगाला जायचं नाही, कारण तिकडे पंखा आणि डोकं यांत अंतरच राहत नाही. मग आवाज चढतो, सावली सरकते आणि हेलिकॉप्टर दरीत खाली गेलेलं असतं.

आता मित्रांकडे येते.

या सहलीतला बराच वेळ जमिनीवर जातो. ढग बसले, वारा सुटला, उजेड सपाट झाला की उड्डाण बंद. सपाट उजेडात पायाखाली खड्डा आहे की उंचवटा, हे पडल्यावरच कळतं. मग बूट काढून बसायचं आणि खिडकीतून आभाळ बघायचं. सुट्टी संपत असते, पैसे भरलेले असतात. आणि वादळ गेल्यावर एका सकाळी लख्ख निळं आभाळ निघतं. त्या सकाळी डोंगर सगळ्यांत सुंदर दिसतो आणि बहुधा सगळ्यांत धोकादायकही असतो.

थंड, निरभ्र रात्री बर्फाच्या पृष्ठभागावर पिसांसारखे नाजूक स्फटिक उभे राहतात. पुढच्या वादळाचा बर्फ त्यांच्यावर येऊन बसतो. उभ्या केलेल्या पत्त्यांवर जाड पुस्तक ठेवावं तशी ही रचना आठवड्यानुआठवडे टिकते आणि वरून पाहिलं तर काहीच दिसत नाही. बहुतेक हिमस्खलनं तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर सुटतात. स्कीला मजा येते तीही नेमकी याच उतारांवर. लोकांना वाटतं डोंगर अंगावर येतो. प्रत्यक्षात अशा अपघातांत दहातल्या नऊ वेळा बर्फ सुटतो तो सापडलेल्या माणसाच्या किंवा त्याच्या सोबत्याच्याच वजनाने.

म्हणून गाइड आधी बर्फ खणून आतले थर तपासते. त्या वर्षी आमची गाइड बाई होती. फावड्याने खड्डा केला, भिंत साफ केली, करवतीने तीस सेंटिमीटरचा चौकोनी खांब सुटा केला आणि त्यावर फावड्याचं पातं ठेवून थापट्या मारायला लागली. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून, अशी पद्धत असते. कोपरातल्या दुसऱ्या-तिसऱ्या थापटीला वरचा थर सुरीने कापल्यासारखा सुटला आणि सरकत तिच्या मांडीवर आला. ती काही बोलली नाही. खालच्या थराला बोट लावून आम्हाला दाखवलं. बोटाच्या टोकावर साखरेच्या कणांसारखं काहीतरी चमकत होतं.

समोर आम्हाला हवी असलेली भिंत होती. तिच्यावर आदल्या दिवशीच्या दुसऱ्या कुणाच्या तरी वळणांच्या रेघाही होत्या. तिने विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?" मला भीती वाटते ती या प्रश्नानंतरच्या शांततेची. सहाही जणांनी पाहिलं होतं आणि सहाही जण दुसरा कुणी बोलेल म्हणून थांबले होते. इयान मॅकॅमन या अमेरिकन अभ्यासकाने सातशेहून जास्त हिमस्खलन अपघातांच्या नोंदी तपासून हेच मांडलंय. प्रशिक्षण घेतलेली माणसंही समोरची धोक्याची चिन्हं बाजूला सारतात. उतार ओळखीचा वाटतो, गाइड हुशार असते, आधी कुणीतरी उतरून गेलेलं असतं, आणि चारचौघांत माघार घेणं जिवावर येतं.

शेवटी बोलली ती आमच्यातली डॉक्टर मैत्रीण. स्कीइंगमध्ये ती सगळ्यांत कच्ची. "मला हे नको," एवढंच म्हणाली. एक जण पुटपुटला. गाइडने चर्चाच केली नाही, रेडिओवर पायलटला बोलावलं आणि आम्ही पलीकडच्या हिमनदीवरच्या सौम्य उताराला गेलो. एकीचा नकार पुरतो, असा आमचा नियम तेव्हापासून पक्का झाला.

ती भिंत नंतर कोसळली का, हेही लोक विचारतात. नाही कोसळली. दुसऱ्या दिवशी तशीच उभी होती, बहुतेक उतरलोही असतो सुखरूप. डोंगराची खोड हीच आहे. तो चुकीच्या निर्णयालाही बऱ्याचदा शाबासकी देतो आणि बरोबर निर्णयाची पावती कधीच देत नाही. दहा वेळा नशिबाने वाचलेला माणूस स्वतःला जाणकार समजायला लागतो.

आणि तरीही माझी सगळी भिस्त याच मित्रांवर असते. बर्फाखाली गाडलेल्या माणसाला पहिली दहा-पंधरा मिनिटंच खरी मिळतात, पुढे जगण्याची शक्यता झपाट्याने घसरते. इतक्या वेळात बाहेरून कुणी येत नाही, हेलिकॉप्टरही दुसऱ्या दरीत असू शकतं. म्हणून प्रत्येकाच्या छातीवर ४५७ किलोहर्ट्झवर संदेश सोडणारा बीकन, सॅकमध्ये प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी, आणि फावडं. पहिल्या दिवशी गाइड एक बीकन पिशवीत घालून पुरते आणि घड्याळ लावते. आपला बीकन त्याचा संदेश पकडतो आणि पडद्यावर अंतराचा आकडा उतरत जातो, चाळीस, बावीस, नऊ. मग गुडघ्यांवर येऊन बीकन बर्फालगत फिरवायचा, सगळ्यांत लहान आकडा पकडायचा आणि तिथे प्रोब खुपसायचा. बर्फाचा आणि पिशवीचा स्पर्श वेगळा लागतो, हाताला लगेच कळतं. मग फावडी. खरी दमछाक तिथे होते, कारण थांबलेलं हिमस्खलन भुसभुशीत राहत नाही, घट्ट होऊन बसतं.

एवढं करून मिळतं काय? काही मिनिटांचं उतरणं. आपल्याच वळणांनी सुटलेला सैल बर्फ शेजारून सळसळत खाली जात असतो, त्याला पुढे जाऊ द्यायचं आणि आपण बाजूच्या धारेवर सरकायचं. त्या वेळी डोक्यात दुसरं काहीही मावत नाही. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही, आणि ज्यांना ते पुरेसं वाटत नाही त्यांचं मला पटतंही.

हल्ली यायची इच्छा असणारे पुष्कळ भेटतात. आमच्या ओळखीतला एक जण तर देखणा उतरतो, आमच्यापैकी कुणाहीपेक्षा सरस. पण गाइड नको म्हणाली की संध्याकाळभर तोंड पाडून बसतो आणि दुसऱ्या दिवशी सगळे त्याच्या मूडकडे बघून उतार निवडायला लागतात. त्याला आम्ही बोलवत नाही. डॉक्टर बाई दर वेळी असतात. वळणं घेताना अजून पडतात, आणि पुरलेली पिशवी सगळ्यांच्या आधी त्यांनाच सापडते.