भातुकलीला खरं पीठ द्या

प्लास्टिकच्या किचन सेटमध्ये गॅस असतो, सिंक असतं, हल्ली ओव्हनही असतो. नसतं ते फक्त करण्यासारखं काम. प्लास्टिकची पोळी प्लास्टिकच्या तव्यावर दोनदा उलटली की खेळ संपतो आणि मूल पुन्हा स्वयंपाकघरात येऊन तुमच्या परातीकडे बघत उभं राहतं. त्याला हवी असते ती परात. भातुकलीची मजा खऱ्या घराचा एक छोटा तुकडा मुलाच्या ताब्यात येण्यात आहे. तो तुकडा कसा द्यायचा, कोणत्या वयात किती द्यायचा आणि कुठे फसतं, हे इथे लिहिलं आहे.

आधी जागा. एक चटई किंवा जुनी सतरंजी पुरते. पसारा तिच्या काठाच्या आत, हा एकच नियम ठेवा. दोन खुर्च्यांवर जुनी साडी टाकून कपड्यांच्या चिमट्यांनी घट्ट केली की घर तयार. दोन गोष्टी पाळा: ते घर येण्याजाण्याच्या वाटेत नको, आणि रोज रात्री मोडायला लावू नका. काल अर्धवट राहिलेलं लग्न आज पुढे सुरू होतं, तेव्हाच खेळाला खोली येते.

त्याहून अवघड गोष्ट वेळेची. पहिली पंधरा-वीस मिनिटं बघणाऱ्याला वाटतं, इथे काहीच चाललेलं नाही. कोण आई, कोण पाहुणा, दुकानदार कोण, यावर भांडणं होतात, भांडी मांडली जातात, पुन्हा मांडली जातात. खेळ तिथेच चाललेला असतो. दोन क्लासच्या मधे सापडलेल्या अर्ध्या तासात तो सुरू होण्याआधीच आवरायची वेळ येते आणि मग आपण म्हणतो, मुलांना खेळताच येत नाही. सलग दीड तास मिळाला की बघा. (आईची भूमिका करणाऱ्या मुलाचं बोलणं जरा लांबून ऐका. घरातला आपला सूर जसाच्या तसा कानावर येतो, आणि तो नेहमीच ऐकवत नाही.)

आता साहित्य. दोन वर्षांच्या मुलाला पाणी आणि ओतायला दोन भांडी पुरतात. खाली जाड टॉवेल, पेलाभर पाणी, एक छोटा तांब्या आणि दोन वाट्या. जास्त पाणी दिलं की ओतण्याऐवजी शिंपडणं सुरू होतं. बादली किंवा टब देऊन मात्र बाजूला जाऊ नका. एवढ्याशा मुलाला वीतभर पाणीही जीवघेणं ठरतं.

तीन वर्षांपुढे मटार सोलायला द्या. भरलेल्या, ताज्या शेंगा निवडून द्या. देठाकडच्या बाजूला शिवणीवर अंगठा दाबला की शेंग टचकन उघडते. सुकलेली शेंग वातड होते, उघडत नाही, आणि मूल दोन मिनिटांत उठून जातं. ते आळशी नसतं, शेंग वाईट असते. समोर बसा, कारण या वयात दाणा नाकात किंवा कानात जाणं अगदी नेहमीचं आहे. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे पाच वर्षांच्या आत खायला देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात. कूट चालतं. मोजायला म्हणून झाडाखालच्या बिया घरात येतात, तेव्हा पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या आणि लाल-काळ्या गुंजा काढून टाका. दोन्ही विषारी आहेत. चिंचोके आणि सागरगोटे खेळायला ठीक, पण सगळं तोंडात घालायचं वय सरल्यावर.

कणीक हा या खेळाचा राजा. एक वाटी कणीक, चिमूटभर मीठ आणि अर्ध्या वाटीहून थोडं कमी पाणी. पाणी चमच्याने घालायला सांगा. वाटीने ओतलं की एकदम चिखल होतो. झालाच तर घाबरू नका, कोरडी कणीक शेजारीच ठेवा. मुलाला स्वतःच कळू द्या की आणखी चिमूटभर टाकली की हाताला चिकटत नाही. मळून झाल्यावर थेंबभर तेल लावून पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवायची. न मुरलेली कणीक लाटली की पुन्हा आखडते आणि मुलाला वाटतं आपल्याला जमत नाही. मुरली की तीच कणीक ऐकते. पोळी नकाशासारखी होईल. तिला गोल करायला हात घालू नका. तुमच्या तव्यावर भाजून द्या आणि सगळ्यांनी खा.

टिकाऊ भांडी-फळं करायची असतील तर दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि सुमारे एक वाटी पाणी. पाणी इथेही हळूहळू. वस्तू अर्ध्या सेंटिमीटरहून जाड नको, कारण बाहेरचा थर आधी वाळून आकसतो, आतला ओलाच राहतो आणि भेग पडते. उन्हात उलटसुलट करत दोन-तीन दिवस वाळवा. पावसाळ्यात हा उद्योग करूच नका. मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि वाळलेला आंबासुद्धा पुन्हा मऊ पडतो. हे पीठ खायचं नाही हे आधीच सांगा, आणि घरात कुत्रं असेल तर त्याच्यापासूनही लांब ठेवा. इतकं मीठ दोघांनाही बाधतं.

चुलीशिवाय होणारे खरे पदार्थ मराठी घरात पुष्कळ आहेत. दडपे पोहे तर जणू भातुकलीसाठीच केलेले. दोन वाट्या पातळ पोहे, पाऊण वाटी ओलं खोबरं, बारीक चिरलेली काकडी, थोडा कांदा, लिंबू, मीठ, साखर. कांदा मोठ्यांनी चिरावा. काकडी पाच-सहा वर्षांचं मूल बोथट सुरीने कापतं. विळी मात्र नको. सगळं हाताने कालवून तीन-चार चमचे नारळाचं पाणी शिंपडायचं, वर ताटली ठेवून त्यावर पाण्याने भरलेला तांब्या. पंधरा-वीस मिनिटं दडपलं की पोहे मऊ होतात. जाडे पोहे घेतले तर दाताखाली येतात, पाणी जास्त झालं तर लगदा होतो. फोडणी तुम्ही घाला.

दुसरा पदार्थ दाण्याचे लाडू. भाजून सोललेले दाणे खलबत्त्यात कुटायला द्या. कुटणं मुलांना मनापासून आवडतं, म्हणून थांबवावंही लागतं. जास्त कुटलं की तेल सुटून गोळा होतो. वाटीभर कुटाला अर्धी वाटी चिरलेला मऊ गूळ. सात-आठ छोटे लाडू होतात, आणि चार पाहुण्यांत ते कसे वाटायचे यावरून भागाकार चटईवर येतो. शिकवायला जाऊ नका.

भांडी घरात असतील ती. आजीची पितळी भातुकली माळ्यावर असेल तर काढा, पण कल्हई गेलेल्या भांड्यात ताक, कोकम किंवा लिंबाचं काही ठेवू नका, ते कळकतं. चिंच लावून ती घासायचं काम मुलांना द्या; काळं भांडं डोळ्यांदेखत उजळताना बघणं त्यांना खेळाइतकंच प्रिय असतं. घासून लगेच कोरडी पुसायची, नाहीतर पुन्हा डाग धरतात. सावंतवाडीची लाकडी खेळणी सुंदरच, मात्र जुन्या खेळण्याचा रंग उडत असेल तर ते शोभेला ठेवा, जुन्या रंगांत शिसं असू शकतं.

आसपासच्या साध्या वस्तूंचा असा उपयोग नवा नाही. 1945 साली शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे जवळच्याच कोसबाडला त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी ते वाढवलं. शिंपले, बिया, पानं, माती हेच तिथलं साहित्य होतं, आणि मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली गेली.

एक राहिलंच: हे सगळं मुलग्यांसाठीही आहे. चार वर्षांच्या मुलाला लाटणं धरायला कुणी शिकवावं लागत नाही. ते हातातून काढून घेणारं कुणीतरी मात्र नेमकं घरात असतं.

आठ-नऊ वर्षांचं झालं की चटईवर मन रमेनासं होतं. तेव्हा त्याला गॅसपाशी घ्या. सुती कपडे, बांधलेले केस, कढईचा दांडा आतल्या बाजूला, आणि तुम्ही शेजारी. सुरुवात चहाने नको, उकळता द्रव अंगावर सांडतो. पोहे किंवा रवा मंद आंचेवर भाजणं बरं: कोरडं काम, हात सारखा चालता, आणि करपायला लागलं की वास आधी सांगतो. फोडणी आणि कुकर अजून दोन वर्षं तुमच्याकडेच राहू द्या.