तुम्ही विचारलंत म्हणून: 'घरात पाळलेल्या त्या अजगराला, बाळूला, सोडून का देत नाही?'

स्टाफरूममध्ये, सोसायटीच्या जिन्यात, भिशीत, चार वर्षं हाच प्रश्न. कुणी पुण्यातल्या तळजाई टेकडीचं नाव घेतं, कुणी सिंहगडाच्या पायथ्याचं. एका बाईंनी नागपंचमीचा दिवसही सुचवला. विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. मुक्या जिवाला कोंडून ठेवू नये, एवढंच त्यांना म्हणायचं असतं. आणि हेच मी ज्युनियर कॉलेजात वीस वर्षं मुलांना शिकवत आले, म्हणून तर उत्तर देताना माझा आवाज चढतो.

सापाच्या भीतीबद्दल मी बोलत नाही. सर्पमित्र नीलिमकुमार खैरे याच पुण्यात १९८० साली काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहिले होते. साप उगीच चावत नाही, हे इथे नव्याने काय सांगायचं!

बाळू बॉल पायथन आहे, पश्चिम आफ्रिकेतला बिनविषारी, साडेतीन फुटांचा अजगर. पण आफ्रिका त्यानेही पाहिलेली नाही, तो डब्यातच जन्मला. त्याच्या पेटीत एका टोकाला ३२ अंश आणि दुसऱ्या टोकाला २६ अंश ठेवावे लागतात. डिसेंबरात पहाटे तळजाईवर किती थंडी असते, ते तिथे फिरायला जाणाऱ्यांनीच आठवावं. आणि समजा जगलाच, तर त्याच्या अंगावरचे परजीवी आपल्या धामणींना, नानेट्यांना लागू शकतात. फ्लोरिडात लोकांनी पाळलेले बर्मी अजगर असेच मोकळे झाले आणि एव्हरग्लेड्सच्या दलदलीतले ससे, रकून बघता बघता दिसेनासे झाले. राहिला कायदा. आपला नाग किंवा धामण घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे. बाळूसारख्या परदेशी जातींच्या नोंदणीचे नियम २०२४ च्या फेब्रुवारीत आले, तेव्हा मी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद केली. कागद कुणालाही दाखवीन.

एवढं सांगितलं की लोक गप्प होतात. पण हे पुस्तकी उत्तर झालं. खरं उत्तर एका रात्रीचं आहे आणि ते मी आजवर टाळत आले.

२०२१ च्या सप्टेंबरात आमचा एक माजी विद्यार्थी बाळूला घेऊन आला. तो जर्मनीला निघाला होता, घरी त्याची आई सापाच्या खोलीत पाऊल टाकायला तयार नव्हती, दोन ठिकाणी विचारलं तर जागा नाही म्हणाले. "मॅडम, तुम्ही घाबरत नाही," एवढ्या भरवशावर तो आला. मी आधी त्याला बोलले, चांगलं खडसावून बोलले, आणि मग पेटी आत घेतली.

नोव्हेंबरपासून बाळूने खाणं सोडलं. हे अजगर महिनोन् महिने खात नाहीत, थंडीत तर हमखास, हे मी वाचलं होतं. तरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर १२४० ग्रॅमचे १०९० झाले तेव्हा माझा धीर सुटला. सासूबाईही म्हणाल्या, घरात उपाशी जीव बरा नव्हे. विद्यार्थ्याने फोनवर सांगितलं, जिवंत उंदीर द्या, तो खातोच.

जानेवारीतला गुरुवार होता. दुरुस्तीसाठी दिवसभर लाईट नव्हती, पेटी गार पडलेली. संध्याकाळी लाईट आली आणि नऊच्या सुमारास मी उंदीर आत सोडला. तासभर बसले. बाळूने मान वळवली नाही. मला उत्तरपत्रिका तपासायच्या होत्या. रात्रीतून खाईल, असं म्हणून मी दार ओढून घेतलं.

पहाटे साडेपाचला दिवा लावला, तर उंदीर त्याच्या पाठीवर बसलेला. बाळू घाबरला की अंगाचा चेंडू करून डोकं मधोमध लपवतो. तसाच होता, रात्रभर तसाच असणार. पाठीवर तीन ठिकाणी खवले नव्हते, एका ठिकाणी मांसाच्या आत कण्याचा पांढरा ठिपका दिसत होता. साप ओरडत नाही. मी एका भिंतीपलीकडे झोपले होते आणि मला काहीही ऐकू आलं नाही. उंदराला तरी काय बोलायचं? त्याच्यासाठी मी दाणा ठेवला नव्हता, पाणी ठेवलं नव्हतं.

साप तपासणारे डॉक्टर मिळायला दुपार झाली. पेटीतला भुसा काढून वर्तमानपत्र अंथरायचं, जखम धुऊन मलम लावायचं, दर ७२ तासांनी इंजेक्शन, तेही अंगाच्या पुढच्या भागातच. पहिलं त्यांनी दिलं, पुढची सहा मी. एकटीला तो आवरेना. तेव्हा चार महिने त्या खोलीच्या उंबऱ्याशीही न आलेल्या सासूबाई पदर खोचून आत आल्या आणि शेपटीकडचा भाग त्यांनी दोन्ही हातांत धरला. "किती गार आहे गं," म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून मलमाची वेळ त्याच लक्षात ठेवू लागल्या.

एप्रिलमध्ये त्याने चिमट्याने धरलेला, कोमट पाण्यात गरम केलेला मेलेला उंदीर खाल्ला. त्यानंतर घरात जिवंत उंदीर आला नाही.

म्हणून टेकडीचं नाव निघालं की मला ती पहाट दिसते. स्वतःच्या पेटीत एका उंदरापुढे ज्याचं हे झालं, तो घारी-मुंगसांपुढे काय टिकणार? पण वर्गातली ती जुनी मी लगेच अडवते: पेटी नसती, तर तो निघून गेला असता. अंग गार नसतं, तर त्याने झडप घातली असती. त्याला पळायला जागा ठेवली नाही ती माणसानेच. तिचं खोडून काढता येत नाही. साप पाळू नयेत, हे मी आजही वर्गात सांगते. मग एखादा मुलगा विचारतो, "मग मॅडम, तुमचा?" तेव्हा फळ्याकडे तोंड करून मी पुढचा मुद्दा लिहायला लागते.

त्याला माझा लळा आहे का, हेही विचारतात. नाही. हाताची ऊब आणि वास त्याला कळतो, त्यापलीकडचं मला माहीत नाही. साप डूख धरतो म्हणतात, तेही खरं नाही. धरता आला असता, तर तो त्याने माझ्यावर धरायला हवा होता.

या आठवड्यात त्याचे डोळे निळसर झालेत, म्हणजे कात टाकायला आलाय. दर वेळी कात अखंड येते, फक्त पाठीवरच्या त्या तीन जागी ती चुरगळलेल्या प्लॅस्टिकसारखी असते, खवल्यांची नक्षी नसते. मी ती पाण्यात भिजवून सरळ करते आणि खिडकीत वाळवते.

परवा जर्मनीहून फोन आला. "मॅडम, पुढच्या वर्षी परत येतोय. बाळूला घेऊन जाऊ का?" अशा सापाला तीस वर्षांचंही आयुष्य असतं, माझं वय चौपन्न. हो म्हणायला हवं होतं. मी "बघू" म्हणाले आणि त्याच्या आईची तब्येत विचारली. त्या रात्रीचं त्याला अजून सांगितलेलं नाही.