सत्तावीस सांगितलं की बहात्तर

पहिली संपत आली तरी लेकीला सत्तावीस लिही म्हटलं की वहीत ७२ उतरायचे. अक्षर सुबक, उत्तर उलटं. शंभरापर्यंतची उजळणी मात्र घडाघडा पाठ. सासूबाई म्हणायच्या, "म्हणता येतंय ना, मग कळेल हळूहळू." मला काही ते पटेना.

मराठीत सात आधी ऐकू येतो आणि वीस मागून. कागदावर मात्र दोन आधी लिहायचे. मूल ऐकलं त्या क्रमाने लिहितं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस सात' अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा केवढी टिंगल झाली होती! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर परोपरीने समजावत होत्या की जुनी नावंही राहणारच आहेत, पण ऐकतो कोण. मी घरी ती पद्धत मधली पायरी म्हणून बिनदिक्कत वापरली: "वीस आणि सात, सत्तावीस."

नुसतं म्हणून भागलं नसतं. जुन्या खराट्याचे हीर बोटभर तोडले आणि दहा-दहाचे गठ्ठे केसांच्या रबरांनी बांधले. बांधायचं काम तिचंच, कारण गठ्ठ्यात दहाच आहेत यावर तिचा विश्वास बसणं महत्त्वाचं. गठ्ठे डावीकडे, सुटे उजवीकडे. आधी मांडायचं, मग म्हणायचं, लिहायचं सगळ्यात शेवटी. सुरुवातीला ती प्रत्येक गठ्ठा सोडून पुन्हा मोजायची. मी मोजू दिलं. एक दिवस तिलाच कंटाळा आला आणि "दहा, वीस, तीस" सुरू झालं. उलटे आकडे त्यानंतर हळूहळू कमी झाले.

खरी गंमत एकोणतीसला आली. तिने दोन गठ्ठे घेतले आणि नऊ सुटे मोजायला बसली. सासूबाई भाजी निवडत होत्या, तिथूनच म्हणाल्या, "अगं, तीस घे आणि एक काढून ठेव." लेकीने तीन गठ्ठे उचलले आणि एकातला एक हीर ओढून काढला. मग एकोणचाळीस, एकोणपन्नास, थेट एकोणनव्वदपर्यंत गाडी सुसाट. नव्याण्णवला अडली, कारण तिथे एकोण नाही. "का नाही?" याला आम्हा दोघींकडेही उत्तर नव्हतं.

वजाबाकीने मात्र दमवलं. ५२ मधून २७. कागदावर ती सातातून दोन वजा करून ३५ लिहायची, कारण मोठ्यातून लहान जातो एवढंच तिला ठाऊक. हिरांवर तसं करताच येत नाही. पाच गठ्ठे, दोन सुटे. दोन गठ्ठे बाजूला सारले, आता सात सुटे हवेत आणि हाताशी दोनच. बराच वेळ नुसती बघत राहिली. मग गठ्ठ्याचं रबर काढलं. बारा सुटे झाले, त्यातले सात गेले, उरले पंचवीस. पुढे कितीतरी दिवस कागद आणि हीर शेजारी ठेवून चाललं: तिकडे रबर सुटलं की इकडे पाचावर काट मारून चार, आणि दोनाचे बारा. इथे घाई करून उपयोग नाही.

सापशिडीचा उपयोग झाला, पण बेताचाच. त्या पटावर आकडे नागमोडी जातात, त्यामुळे तेवीसच्या डोक्यावर तेहेतीस येत नाही. दहा पुढे म्हणजे बरोबर एक घर खाली, हे दिसावं म्हणून वहीच्या पानावर प्रत्येक ओळ डावीकडून सुरू करून शंभर घरं आखली. मोबाइलवरच्या खेळांनी तर निराशाच केली. बरोबर उत्तराला टाळ्या वाजतात, चुकलं तर का चुकलं ते कोणी सांगत नाही.

त्यापेक्षा वाण्याचं दुकान बरं. बत्तीस रुपयांचं सामान, हातात पन्नासची नोट. वाणी वजाबाकी करतच नाही. "बत्तीस... चाळीस... पन्नास" म्हणत आठ रुपये सुटे आणि दहाची नोट हातावर ठेवतो. आता लेकही तोंडी वजाबाकी अशीच चढत जाऊन करते. शाळेत उभीच मांडणी लागते, तेव्हा ती तशी मांडते.

सध्या आजी पाढे घेते, तो तिचा प्रांत. माझ्या वाट्याला घड्याळ आलंय. परवा "पावणेसात" म्हटल्यावर लेकीने विचारलं, "म्हणजे सातातून थोडं काढलेलं?" हो, पाव काढलेला. आता हा पाव तासाचा कुठला भाग, ते पोळीवर दाखवायचंय.